चावडीत वाचलेला सातबारा

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी गुंठाभर तरी जमीन आहे, किंवा होती, त्यांनी वेळ काढून वाचावी.

मागच्या महिन्यात अक्कलकोटमध्ये एका ऑनलाइन सेवा केंद्रात बसलो होतो. माझ्या पुढं सीमेकडच्या गावातले सत्तरीचे एक आजोबा. धोतर, डोक्याला टॉवेल, प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेली कागदं. केंद्रातलं पोरगं म्हणालं, "मामा, ओटीपी आला का बघा." आजोबांनी अख्खा फोनच त्याच्या हातात दिला. पोरानं ओटीपी वाचला, पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, प्रिंट दिली. आजोबांनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "एकदा वाचून दाखव की बाळा. मोठ्यानं."

"मामा, डिजिटल आहे ओ. चुकत नसतंय त्यात काय." मागं सहा माणसं उभी होती, त्याचं तरी काय चुकलं?

मग मीच वाचून दाखवला. गट नंबर, क्षेत्र, आकार, खातेदारांची नावं, सोसायटीचा बोजा. 'इतर अधिकार' संपलं तसं आजोबांनी हात वर केला. "थांबा मालक. विहीर सामाईक हाय आमची, मी आन् थोरला भाऊ. ते लिवलंय का?"

नव्हतं लिहिलेलं.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. सरकारी सेवा ऑनलाइन झाल्या, लोकांचा विश्वास का बसत नाही, लोक सहभागी का होत नाहीत, यावर शहरात परिषदा होतात. त्यात ॲप, पोर्टल, डॅशबोर्ड असे शब्द असतात. आजोबांनी मागितलं ते यातलं काहीच नव्हतं. त्यांना कागद ऐकायचा होता. आणि ही मागणी आजची नाही, तिला दीडशे वर्षांचा तरी इतिहास आहे.

आपल्याकडं शेतकऱ्याचा कागद शेतकऱ्याला कधी वाचताच येत नव्हता. दप्तर कुलकर्ण्याच्या घरात आणि लिपी मोडी. मोडी न वाचता येणाऱ्याला ती कागदावर मुंग्या चालल्यासारखी दिसते. आजही आमच्या भागात जुन्या वाड्यात ट्रंक उघडली की असे कागद निघतात आणि घरात कुणालाच त्यातलं अक्षर लागत नाही. पणजोबाचा अंगठा तेवढा ओळखू येतो. कचेरी, कागद आणि कारकून यांच्या कचाट्यात अडाणी शेतकरी कसा नागवला जातो, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडलं.

त्याच्या आठ वर्षं आधी लोकांनी स्वतःच हिशेब मांडला होता. १२ मे १८७५, भीमथडी तालुक्यातलं सुपे, बाजारचा दिवस. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दख्खनच्या दंग्याची सुरुवात इथली. शाळेत आपण हे सावकारांविरुद्धचं बंड म्हणून शिकलो. पण दंगेखोरांनी मागितलं काय, तर कागद. कर्जरोखे, खतं, वह्या. ते मिळाले की जाळायचे. अनेक ठिकाणी कागद हवाली केले तर माणसाला हात लावला नाही. राग ज्याच्यावर अंगठा उठवला पण ज्यात काय लिहिलंय ते माहीत नाही, त्या कागदावर होता.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुरुवातीला लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. (अक्कलकोट तेव्हा भोसल्यांचं संस्थान, त्यामुळं ब्रिटिश मुलखातला कायदा इथं आपोआप नव्हता. वेशीपलीकडच्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावाला लागू.) या कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. खेड्यापाड्यांत निबंधक नेमायचे. शेतकऱ्यानं काहीही लिहून द्यायचं असेल तर ते या निबंधकासमोर लिहायचं आणि सही-अंगठ्याआधी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा. चक्क कायद्यात लिहिलेलं. दंगा कशामुळं झाला हे इंग्रज अधिकाऱ्यांना नेमकं कळलं होतं, असं यावरून वाटतं.

पुढं १९०३ चा मुंबई इलाख्याचा हक्कनोंदणीचा कायदा. तोवर सरकारी दप्तराला मुख्य चिंता सारा कोण भरणार याची होती. आता जमिनीवर कुणाकुणाचा काय हक्क, याची नोंदवही आली. मग अँडरसन नावाच्या अधिकाऱ्यानं गावपातळीच्या हिशेबाचे एकवीस नमुने बसवले. त्यातला सातवा नमुना हक्काचा आणि बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले तो आपला सातबारा. जुने तलाठी अजूनही "अँडरसनमध्ये बघा" म्हणतात, जसं काही तो शेजारच्या टेबलावर बसलाय.

कुलकर्णी वतनं कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच खालसा केली, पगारी तलाठी आणले. मुंबई राज्यात त्यासाठी १९५० चा कायदा यावा लागला. दरम्यान १९४८ मध्ये अक्कलकोट संस्थान विलीन होऊन सोलापूर जिल्ह्यात आलं. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यानं दोन-तीन वर्षांत राजा बदललेला बघितला, कायदा बदललेला बघितला आणि दप्तर कुलकर्ण्याच्या घरातून सरकारी तलाठ्याकडं गेलेलं बघितलं. एवढा बदल तर ऑनलाइननंसुद्धा केला नाही.

आता १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. आजही सगळा कारभार हिच्यावर चालतो. तिच्या कलम १५० मध्ये एक साधी गोष्ट आहे. फेरफाराची नोंद घेतली की तिची प्रत चावडीत ठळक जागी लावायची, ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवायचं, हरकत आली तर वेगळ्या नोंदवहीत घ्यायची, चौकशी करायची आणि मगच नोंद मंजूर करायची. आणि कलम १५७ सांगतं की ही नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची.

ही दोन कलमं एकत्र वाचा. सरकार म्हणतं, कागद खरा धरा. का? तर आधी गावाला विचारलंय म्हणून. चावडीत लावला होता, पंधरा दिवस होते, कुणी बोललं नाही. कागदाचा खरेपणा तलाठ्याच्या शिक्क्यातून येत नाही, गावाला बोलायची संधी होती यातून येतो. मला तरी या सगळ्या व्यवस्थेचा पाया एवढाच दिसतो.

प्रत्यक्षात काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे. नोटीस चावडीत लागायची की तलाठ्याच्या बॅगेत राहायची, हे कुणाच्या ओळखीवर. चावडीचंही उगाच कौतुक नको. चावडीच्या पायरीखाली कुणी उभं राहायचं हे ठरलेलं असायचं. बायका तिथं जायच्या नाहीत. पाटलासमोर हरकत घ्यायची म्हणजे पुढच्या पेरणीला बैल मिळणार नाहीत याची तयारी ठेवायची. संगणक आला तेव्हा म्हणूनच अनेकांना मोकळं वाटलं. यंत्राला जात नसते, भाऊबंदकी नसते, असं आम्हीही तेव्हा लिहिलं.

पहिला धक्का शेजारून आला. कर्नाटकात २००० च्या सुमारास 'भूमी' प्रकल्प उभा राहिला. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकावर आणले, तालुक्याच्या गावी खिडकी, पंधरा रुपयांत छापील पहणी. हातानं लिहिलेला उतारा बंदच करून टाकला. आमच्याकडच्या बऱ्याच लोकांची जमीन किंवा सोयरीक आळंद, अफझलपूर, इंडीकडं आहे, त्यामुळं ही बातमी पेपरच्या आधी लग्नात कळली. भूमीच्या खिडकीत कारकुनाच्या स्क्रीनबरोबर दुसरा स्क्रीन शेतकऱ्याच्या बाजूला तोंड करून ठेवायची पद्धत होती. टाइप होतंय ते समोर दिसावं म्हणून. अर्ज ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं फेरफार पुढं सरकवायची सक्तीही संगणकातच घातली होती. पुढं अभ्यासकांनी टीका केली की शहरांभोवतीच्या जमिनीत याचा फायदा मोठ्या खरेदीदारांनी उचलला, तीही खरी असणार. पण तो दुसरा स्क्रीन मला महत्त्वाचा वाटतो. आज आपल्या कुठल्या केंद्रात शेतकऱ्याकडं तोंड केलेला स्क्रीन आहे? मी तरी बघितला नाही.

आपल्याकडं १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात सत्तर गावं संगणकानं जोडायचा प्रयोग झाला होता. पीक सल्ला, बाजारभाव, शासकीय माहिती, मोठा गाजावाजा. शेतकरी येऊन विचारायचा काय, तर माझा ऊस किती टन भरला आणि बिल कधी. काही वर्षांनी तेवढंच एसएमएसवर द्यायची सोय करून बघितली. लोकांना ज्ञानाचा महासागर नको होता, स्वतःच्या नावापुढचा आकडा तपासायचा होता.

आता २०१७ वर येतो, कारण इथं गोष्ट खरी रंगते.

राज्यातले सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकावर चढवले गेले होते. हाताचे उतारे आणि संगणकातले उतारे जुळेनात. क्षेत्र वेगळं, नाव वेगळं, कुठं बोजा दोनदा, कुठं वारस गायब. दुरुस्तीसाठी आज्ञावलीत सोय केली. पण चूक कुठं आहे हे संगणकाला कसं कळणार? मग महसूल खात्यानं त्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन ठेवलं. तलाठ्यानं संगणकातला सातबारा छापून आणायचा, गावासमोर वाचायचा, चूक असेल त्यानं सांगायचं.

मी सीमेलगतच्या एका गावात त्या वाचनाला गेलो होतो. बातमी दोन कॉलमची झाली, पण बघितलं ते अजून डोळ्यापुढं आहे. चावडी पडलेली, म्हणून मारुतीच्या देवळात बैठक. सकाळी आठला सुरू, कारण नंतर ऊन. तलाठी भाऊसाहेब मराठीत वाचत होते आणि अर्धी माणसं कन्नड बोलणारी. पहिल्या दहा मिनिटांत कुणी काही बोलेना. मग शाळेतले एक निवृत्त गुरुजी उठले आणि प्रत्येक गट कन्नडमध्ये सांगायला लागले. बघता बघता देवळाचं वातावरण बदललं. "ते क्षेत्र आमच्या चुलत्याचं." "तो बोजा फेडून सहा वर्षं झाली, दाखला घरी आहे." "शरणप्पा कुठला? आमच्या घरात शरणप्पा कुणीच नाही, बसवणप्पा आहे." एकानं दुसऱ्याच्या उताऱ्यातली चूक दाखवली, ज्याचा उतारा तो गावातच नव्हता, सोलापूरला दवाखान्यात होता. एकट्यानं स्क्रीनसमोर बसून हे होत नसतं. शेजाऱ्याच्या बांधाची माहिती शेजाऱ्याला असते.

आणि एक क्षण शांततेचाही होता. एका उताऱ्यावर तीन भावांची नावं वाचली गेली. देवळाबाहेर पाण्याची घागर घेऊन थांबलेली एक बाई आतल्या कुणाला तरी म्हणाली, "आन् आम्ही दोघी?" भाऊ खाली बघत बसले. भाऊसाहेबांनी पुढचा गट घेतला. त्या बहिणींचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मोठ्यानं वाचल्यानं सगळं सुटतं असं नाही, एवढं त्या दिवशी समजलं. पण जे आत नाही ते तिला ऐकू आलं. आणि हेही सांगायला हवं की आज पुण्यात दिलेली लेक रात्री स्वयंपाक आवरून मोबाइलवर वडिलांचा गट नंबर टाकून आपलं नाव आहे का ते बघू शकते, कुणाला न विचारता. चावडीनं तिला हे कधीच दिलं नसतं. ऑनलाइनची ही कमाई मी नाकारत नाही.

त्याच वर्षी कर्जमाफी ऑनलाइन झाली. जूनमध्ये घोषणा, मग आधार, अंगठा, नवरा-बायको दोघांनी केंद्रात हजर, रात्री दोन-दोनपर्यंत रांगा. अर्जदारांच्या नावांचंही चावडी वाचन ठेवलं गेलं. ऐन दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली आणि नंतर बँकांची माहिती व अर्ज यांचा मेळ लागेना म्हणून याद्या रखडल्या. ज्यांच्या हातात प्रमाणपत्र आणि खात्यात शून्य, त्यांचा विश्वास कुठल्या पोर्टलनं परत आणायचा? त्या दिवाळीत एका शेतकऱ्यानं मला प्रमाणपत्र दाखवून विचारलं होतं, "हे फ्रेम करून लावू का बँकेत दाखवू?"

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. तलाठ्यामागं फिरायचं बंद, मोठी गोष्ट होती. पण बँकेत, कचेरीत साहेब म्हणायचे, "शिक्का मारून आणा." इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता देणारा कायदा देशात २००० पासून आहे. तरी २०२५ च्या शेवटी महसूल खात्याला नव्यानं परिपत्रक काढून सांगावं लागलं की डिजिटल सातबारा कायदेशीर आहे, तलाठ्याची सही मागू नका. लोकांचा विश्वास नाही म्हणून ओरड होते. इथं सरकारच्याच एका टेबलाचा दुसऱ्या टेबलावर सात वर्षं विश्वास नव्हता, त्याचं काय?

आमच्या तालुक्याचं दुखणं आणखी वेगळं आहे. भाषा. वागदरी, मैंदर्गी, दुधनी, नागणसूर, तडवळ, करजगी, कुठंही जा, घरात कन्नड, शाळेत मराठी किंवा कन्नड, बाजारात दोन्ही. १९६७ मध्ये महाजन आयोगानं अख्खा अक्कलकोट तालुका म्हैसूर राज्याला द्या म्हणून शिफारस केली होती, महाराष्ट्रानं ती मानली नाही. २०२२ च्या अखेरीला इथल्या काही गावांनी रस्ते-पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जायची भाषा केली, राज्यभर गाजलं. तेव्हा टीव्हीवाले अस्मिता-अस्मिता करत होते. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्या तोंडात रस्ता, पाणी आणि कागद हे तीनच विषय होते.

कागद म्हणजे काय? समजा एकाचं नाव मल्लिकार्जुन. सातबाऱ्यावर मल्लीनाथ, कारण गावात तसंच म्हणतात. आधारवर टाइप करणाऱ्यानं इंग्रजीत लिहिलं, त्याचं मराठी यंत्रानं वेगळंच केलं. बँकेत वडिलांचं नाव आधी. हा एकच माणूस गावाला ठाऊक आहे, तलाठ्याला ठाऊक आहे, संगणकाला मात्र ही तीन माणसं. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच राज्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, तेव्हा सांगितलं होतं की आता गरिबाला ओळख मिळेल. ओळख होतीच हो. सगळं गाव ओळखत होतं. आता मल्लिकार्जुनला प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागतं की मल्लीनाथ म्हणजे मीच.

हे मी दुसऱ्यांचंच सांगत नाही. माझ्या आजोळच्या जमिनीत, दुसऱ्या तालुक्यात, आजोबांच्या नावातला एक अनुस्वार टाइप करताना गेला. दुरुस्तीला अकरा महिने लागले. पत्रकार असून.

आता सहभागाचं बोलू. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. कल्पना चांगलीच होती. बाराव्या नमुन्यात पीक तलाठी लिहायचा, कित्येकदा घरी बसून. मागच्या वर्षी तूर होती ना, मग तूर. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून फोटो काढून पीक नोंदवायचं. शंभर वर्षांत पहिल्यांदा सातबाऱ्याचा एक कोपरा लिहायचा अधिकार शेतकऱ्याच्या हातात आला. शिवाय चूक झाली तर ४८ तासांत दुरुस्ती, आणि गावातल्या इतरांची पीक नोंद बघायची सोयही ॲपमध्ये आहे. म्हणजे चावडीचा थोडा अंश तिथं ठेवलाय.

पण मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात गावात जाऊन बघा. सर्व्हर फिरतोय. सीमेवर फोनला कर्नाटकाचा टॉवर लागतो, कधी कुठलाच नाही. म्हातारा-म्हातारी घरी, पोरगा पुण्यात भोसरीला, ॲप त्याच्या फोनमध्ये. मग काय, गावातल्या एका हुशार पोराला खात्यामागं पन्नास-शंभर द्यायचे, तो सगळ्यांचं करतो. त्याला सगळ्यांचे गट नंबर, सगळ्यांचे ओटीपी पाठ. आजोबा मोडी न येणारे होते, बाप मराठी अडखळत वाचणारा, नातवाकडं पासवर्ड नाही. मधला माणूस मात्र प्रत्येक पिढीत आहे. फरक एवढाच, की कुलकर्ण्याला निदान सगळं गाव ओळखून होतं आणि त्याच्यावर गावाचा डोळा असायचा.

सगळ्यात मजेची गोष्ट आता सांगतो. महसूल खात्याच्या महाभूमी संकेतस्थळावर एक पान आहे, नाव 'आपली चावडी'. जिल्हा, तालुका, गाव निवडा. तुमच्या गावात सध्या कोणत्या गटावर कसला फेरफार चाललाय, हरकत घ्यायची शेवटची तारीख कोणती, सगळं दिसतं. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. कलम १५० मधली चावडीची भिंत आता मोबाइलवर आहे. मी गेल्या पंधरा दिवसांत भेटेल त्याला विचारतोय. शिक्षक, सोसायटीचे संचालक, दोन सरपंच, एक वकील. वकिलांना माहीत होतं. बाकी कुणालाच नाही.

नोटीस लावलीय, कायदा पूर्ण झालाय, पंधरा दिवस मोजले जातायत. फक्त गावाला ऐकू गेलेलं नाही. पूर्वी दवंडी होती. हलगी वाजली की निदान कुत्री तरी भुंकायची, माणसं बाहेर यायची. आता पंधरा दिवस मुकाट्यानं जातात आणि सोळाव्या दिवशी नोंद पुढं सरकते, मग खोटी ठरेपर्यंत खरी. ती खोटी ठरवायला प्रांताकडं अपील, वकील, तारखा.

बाहेर काय चालतं? राजस्थानात १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेनं गावसभेत सरकारी कामांची हजेरीपत्रकं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. जनसुनवाई म्हणायचे. मेलेल्या माणसांची नावं मजुरीला निघाली, लोक उभे राहून साक्ष द्यायला लागले. देशाचा २००५ चा माहिती अधिकार कायदा अशा बैठकांतून वाढला, आणि २०१९ मध्ये राजस्थान सरकारनं काढलेलं जनसूचना पोर्टलही त्याच लोकांच्या रेट्यातून आलं. तिथं आधी वाचन झालं, पोर्टल मागून आलं. एस्टोनिया हा चिमुकला देश डिजिटल कारभाराचं उदाहरण म्हणून सगळे देतात. तिथं नागरिकाला आपली माहिती कोणत्या सरकारी खात्यानं कधी उघडून बघितली हे स्वतः तपासता येतं. विश्वास ठेवा असं सांगण्यापेक्षा तपासा असं सांगितलेलं जास्त चालतं, एवढं मला त्यातून दिसतं.

आणि आपल्या सरकारलाही हे कळत नाही असं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला, उपग्रह आले, सगळं आलं. आणि मोहिमेची पहिली पायरी काय होती? १ ते ५ एप्रिल, चावडी वाचन. कोण वारलंय हे कुठल्याच सर्व्हरला माहीत नव्हतं, गावाला माहीत होतं. तलाठ्यांचं नावही आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण त्या पाच दिवसांत त्यांना कागद घेऊन गावासमोरच उभं राहावं लागलं.

माझी मागणी साधी आहे आणि ती मी तहसीलला लेखी देणार आहे. 'आपली चावडी'वरची त्या आठवड्याची यादी छापून दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि ग्रामसभेत वाचा. जिथं कन्नड बोलतात तिथं कन्नडमध्येही सांगा, प्रत्येक गावात एखादे गुरुजी मिळतील. केंद्राच्या टेबलावर दुसरा स्क्रीन ठेवा, शेतकऱ्याकडं तोंड करून. यासाठी नवीन ॲप लागत नाही.

आजोबांचं सांगायचं राहिलं. विहिरीची नोंद कधीतरी कुठल्यातरी पुनर्लेखनात गळाली असावी. जुना हाताचा उतारा त्यांच्या पिशवीत होता, त्यात 'सामाईक विहीर' स्वच्छ लिहिलंय. मी त्यांना अर्ज लिहून दिला. थोरला भाऊ वारलाय, आता पुतण्याचा जबाब लागेल. पुतण्या भोसरीला कंपनीत आहे आणि त्याच्या बाजूच्या गटाचं खरेदीखत मागच्याच आठवड्यात झालंय. 'आपली चावडी'वर फेरफार दिसतोय. हरकतीची मुदत संपायला नऊ दिवस आहेत.

तुमच्या गावात २०१७ चं किंवा एप्रिल २०२५ चं चावडी वाचन खरंच झालं होतं का, की कागदावरच झालं? गावाचं नाव लिहून सांगा. यादी करतोय.